सागाचा भुसा

परवा माझ्या भाच्यानं दुबईहून एक घड्याळ आणलं. ते लाकडी पेटीत होतं. वरून काळं चकचकीत पॉलिश, आत पांढरीशुभ्र गादी. घरातले सगळे घड्याळाभोवती जमले. मी पेटी घेऊन बाजूला बसलो, झाकण उचललं आणि सोडून दिलं. खाडकन आपटलं. बायको म्हणाली, "अहो, हळू की. मोडंल ते." मी पेटी खाली ठेवली. अण्णा असते तर त्यांनी ती घड्याळासकट रस्त्यावर भिरकावली असती, आणि वर भाच्यालाच विचारलं असतं, "ही सुतारानं केलीया का लोहारानं?"

अण्णा म्हणजे बाळगोंडाण्णा. उद्यमनगरात माझा लहानसा छापखाना आहे आणि भिंतीला भिंत लावून त्यांचा पेट्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं एक लांबलचक शेड. पुढच्या भागात कापणी, मधे घासकाम, मागे पॉलिश आणि एका कोपऱ्यात बायका पेट्यांना आतून मखमल चिकटवायच्या. मोठमोठ्या कंपन्यांना आपला माल नुसता विकून भागत नाही, तो नटवून द्यावा लागतो. अत्तराच्या बाटल्या, चांदीची निरांजनं, भारी पेनं, दिवाळीचा सुका मेवा, सगळ्याला पेटी लागते. ती अण्णा करायचे. झाकणावर कंपनीचं नाव सोनेरी पन्नीनं उठवायचं काम माझ्याकडे. पेट्या रस्त्यानं फिरवायला नकोत म्हणून आम्ही मधल्या भिंतीत एक खिडकी पाडली होती. त्या खिडकीतून दिवसभरात कितीदा तरी हाक यायची, "ए छापखाना! झोपलास काय?" माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. मी शेवटपर्यंत छापखानाच राहिलो.

हातकणंगल्याकडचं शेतकरी जैन घर त्यांचं. भाऊ ऊस बघायचे. ह्यांना मातीत हात घालायचा कंटाळा, म्हणून लहानपणीच कोल्हापूर गाठून एका फर्निचरवाल्याकडे राहिले, असं ते सांगत. खरं कारण निराळं असावं. अण्णांना देखणेपणाची हौस होती. एवढ्या भुशाच्या कारखान्यात हा माणूस कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचा. वरच्या खिशात कंगवा. पॉलिश होऊन वाळत ठेवलेल्या पेट्यांच्या रांगेपाशी थांबायचे, एखाद्या झाकणात वाकून तोंड बघायचे, केस बसवायचे आणि पुढं जायचे. पेटी पास झाली की नाही हे त्यावरून कामगारांना कळायचं. तोंड नीट दिसलं तर अण्णा काही बोलत नसत. नाही दिसलं तर शेड हादरायचं.

कुणी गिऱ्हाईक आलं की त्यांचा ठरलेला खेळ असे. पेटी हातात द्यायची, झाकण वर उचलायला लावायचं आणि सांगायचं, "सोडा आता." पाहुणा घाबरत हात सोडायचा. झाकण सावकाश, आतली हवा बाजूनं काढत खाली यायचं आणि आवाज न करता बसायचं. "आपणहून बसलं पायजे," अण्णा म्हणायचे. "दाबून बसवायला ती काय तुमची ट्रंक हाय?"

दुसरा खेळ नाकाचा. डोळे मिटून खुर्चीत बसायचे. कामगारांनी कुठल्याही लाकडाची ढलपी नाकापुढं धरायची. "शिसव." "अक्रोड." "हे शिवण, आणि ओलं हाय. कुणी आणलं रे हे?" चुकलेले मी कधी पाहिले नाहीत. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि ऑर्डर देऊन जायचे. सागाच्या वासावर तर त्यांचा जीव होता. सकाळी आले की आधी घासकामाच्या यंत्रापाशी जाऊन उभे राहायचे आणि छाती भरून श्वास घ्यायचे.

पद्मा त्यांची एकुलती एक मुलगी. आई लवकर गेलेली, त्यामुळे ती कारखान्यातच वाढली आणि पुढं कारखान्याचा व्यवहार तिच्याच अंगावर आला. एकदा तिनं मास्कचा एक खोका आणला आणि भुसा ओढून घेणाऱ्या यंत्राची माहिती काढली. अण्णांनी खोक्यातला एक मास्क उचलला, उलटासुलटा केला आणि सगळ्यांना दाखवला. "घोड्याला तोबरा बांधत्यात तसलं दिसतंय."

"अण्णा, भुसा चांगला नसतो छातीला," पद्मा म्हणाली.

"सागाचा भुसा हाय तो, पोरी. जन्मभर खाल्लाय. सागाला कधी वाळवी लागलेली बघितलीस? आमाला पण लागायची न्हाय."

सगळे हसले. मीही खिडकीत उभा राहून हसलो. मास्कचा खोका माळ्यावर गेला.

घासकामावर तुकाराम होता. अण्णांच्या बरोबरीचाच, त्यांनी स्वतंत्र धंदा काढला त्या दिवसापासूनचा. अंगानं किरकोळ, बोलायला कमी. तो कधीकधी नाकातोंडावर टॉवेल गुंडाळून कामाला बसायचा. एकदा पुण्याची काही गिऱ्हाइकं शेड बघायला आली होती. अण्णा त्यांना घेऊन तुकारामपाशी आले आणि बोलता बोलता त्याच्या तोंडावरचा टॉवेल ओढून काढला. "तोंड झाकाय काय चोरी केलीस व्हय रं तुक्या?" पाहुणे हसले. तुकारामही हसला. टॉवेल झटकून त्यानं खांद्यावर टाकला, आणि त्यानंतर तो मला कधी त्याच्या तोंडावर दिसला नाही.

अण्णा वाईट होते असं नाही. चांगले होते असंही सरळ म्हणता येत नाही. एक गोष्ट सांगतो. एका नव्या कंपनीनं कोल्हापुरी चपला परदेशात विकायला काढल्या आणि चपलांसाठी सागाच्या पेट्या मागितल्या. मापाला म्हणून चपलांचा एक जोड घेऊन तो शिवणारा कारागीर स्वतः आला. म्हातारा माणूस. आपल्या पायातल्या प्लास्टिकच्या स्लीपर त्यानं दाराबाहेर काढल्या. अण्णांनी नमुन्याची पेटी पुढं केली. त्यानं ती आतून बाहेरून हातानं चाचपली.

"ह्यात चपला ठेवायच्या?"

"व्हय की."

"माझ्या पोरीच्या लग्नात रुखवतात ठेवाय असली पेटी मिळाली नसती बघा," तो म्हणाला.

तो गेल्यावर खिडकीतून हाक आली. "ए छापखाना, ह्या बाबाच्या नावाचा ठसा कर. झाकणाच्या आतल्या बाजूला बसवायचा. ज्यानं शिवली त्याचं नाव पायजे." मी ठसा करून घेतला, एका पेटीवर नाव उठवूनही दिलं. देखणं दिसत होतं. कंपनीला ते पसंत पडलं नाही. नाव फक्त कंपनीचं हवं, असं त्यांनी कळवलं. अण्णा फोनवर एवढे भांडले की माझ्या छापखान्यातलं मशीन बंद करून आम्ही सगळे ऐकत बसलो होतो. संध्याकाळी पुन्हा हाक आली. आवाज खाली होता.

"ते नाव काढ. कंपनीचंच ठेव."

"का हो अण्णा?"

"का म्हंजे? हितं माणसं जेवत्यात माझ्या जिवावर." आणि खिडकी ओढून घेतली.

नाव घातलेली ती एक पेटी त्यांनी म्हाताऱ्याला दिली की जाळली, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अत्तराच्या कंपनीच्या बाई आल्या. त्यांना पेटीला स्वतःचा अजिबात वास नको होता, नाहीतर अत्तरात मिसळतो. अण्णांना हा अपमान वाटला, पण ऑर्डर मोठी होती. नमुना तयार करून त्यांनी तो स्वतः बाईंच्या हातात दिला. बाईंनी पेटी उघडली, नाकापाशी नेली आणि लगेच लांब धरली.

"अण्णा, सोल्युशनचा खूप वास येतोय हो."

"शक्यच न्हाय."

"येतोय. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

अण्णांनी पेटी घेतली, नाक आत खुपसलं, दीर्घ श्वास घेतला. "काय सुदीक वास न्हाय. नको असंल ऑर्डर द्यायला तर सरळ सांगा की बाई. कशाला नावं ठेवताय?"

बाईंचा चेहरा उतरला. पद्मानं पेटी हातात घेतली आणि वडिलांकडं पाहिलं. अण्णा खिडकीकडं वळले. "ए छापखाना, सांग रं, वास येतोय का?"

वास मला खिडकीतूनच येत होता. मखमल चिकटवलेलं सोल्युशन नीट वाळलेलं नव्हतं, नाक चुरचुरत होतं. मी म्हणालो, "येतोय, अण्णा."

अण्णांनी पुन्हा एकदा पेटी हुंगली. मग ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सर्दी झालीया जरा." आणि शेडच्या मागच्या दारानं बाहेर गेले.

ती सर्दी गेलीच नाही. नाकाचा खेळ त्यांनी बंद केला. कुणी आठवण काढली तर म्हणायचे, "पोरखेळ हाय तो." पण सकाळी यंत्रापाशी जाऊन उभं राहणं चालू होतं. आता ते जास्त वेळ उभे राहायचे. श्वास घ्यायचे, थांबायचे, पुन्हा घ्यायचे. तुकाराम एकदा मला म्हणाला, "अण्णास्नी काय घावंना झालंय." काय सापडत नव्हतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. डॉक्टरांकडं चला म्हणून पद्मा मागं लागली की ते तिच्यावर खेकसायचे. एका बाजूचं नाक कायम चोंदलेलं, गाल जरा वर आलेला. त्यावर त्यांचं म्हणणं, दाढ दुखतीया.

हुपरीचे एक चांदीचे व्यापारी पेट्या बघायला आले होते तेव्हा ते घडलं. मीही तिथंच होतो, पन्नीचे रंग दाखवायला गेलो होतो. अण्णांनी नवी पेटी उघडून धरली होती. आत दुधासारखी पांढरी मखमल. ते वाकून तिचे कोपरे दाखवत होते आणि बोलता बोलता मखमलीवर टपकन लाल थेंब पडला. मग दुसरा. अण्णांनी झाकण लावलं, रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, "पान खाल्लंय जरा." या माणसानं जन्मात पानाला हात लावला नव्हता. व्यापारी बिचारे "असू दे, असू दे" म्हणत उठले. रुमाल भिजला, मग शर्टाची बाही भिजली. पद्मानं त्यांना अक्षरशः ओढत गाडीत घातलं.

निदान झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पद्मा माझ्या छापखान्यात येऊन बसली.

"नाकाच्या बाजूच्या पोकळीत गाठ आहे, काका. कॅन्सर. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? अण्णा म्हणाले, पेट्या करतो. कशाच्या? लाकडाच्या. मग डॉक्टर म्हणाले, लाकडाच्या भुशात जन्म गेलेल्यांना हा होतो, तुमचाही त्यातलाच दिसतोय."

"अण्णा काय म्हणाले?"

"गाडीत बसल्यावर एवढंच बोलले की, तुक्याला सांगू नको."

ऑपरेशन मुंबईला झालं. वरचा अर्धा जबडा, डावा गाल आणि डावा डोळा काढावा लागला. त्यानंतर विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन. अण्णा महिनोन्महिने घराबाहेर आले नाहीत. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळेला पद्मा दारात म्हणाली, "नको म्हणतायत, काका." आतून रेडिओचा आवाज येत होता. घरातले आरसे त्यांनी काढायला लावले होते. कारखाना पद्मा चालवत होती. माळ्यावरचा खोका तिनं खाली काढला होता, पण ती पाठ फिरवली की मास्क गळ्यात उतरायचे. तुकाराम तर बांधतच नव्हता.

आणि एका सकाळी अण्णा आले. पांढरा शर्ट, काळा गॉगल, नाकापासून गळ्यापर्यंत मोठा रुमाल बांधलेला. वाळत ठेवलेल्या पेट्यांच्या रांगेपासून गेले, थांबले नाहीत. मान दुसरीकडं वळवून गेले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी मेन स्विच खाली ओढला. यंत्रं घरघरत बंद पडली. माणसं उठून उभी राहिली. मी खिडकीत होतो.

अण्णांनी गॉगल काढून खिशात घातला. मग दोन्ही हात मानेमागं नेऊन रुमालाची गाठ सोडली.

त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू आत गेलेली होती. डोळा नव्हता, गाल नव्हता. मखमल चिकटवणाऱ्या बायकांपैकी एकीनं तोंडाला पदर लावला. अण्णा तसेच चालत एकेकाच्या पुढं जाऊन उभे राहिले. प्रत्येकापुढं थांबले. कुणी खाली बघितलं तर त्यानं वर बघेपर्यंत थांबले. मग काहीतरी बोलले. शब्द सगळे नाकातून आणि फुटके येत होते, कुणाला कळेनात. पद्मा पुढं झाली.

"म्हणतायत, उद्यापासून तोंडाला मास्क नसंल त्यानं आत यायचं नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. तुकाराम तेवढा म्हणाला, "अण्णा, आता मला काय त्याचा उपेग? तुमच्यासंगंच खाल्ला की भुसा."

अण्णांनी त्याचं मनगट धरलं. तसंच, भुशानं भरलेल्या कपड्यांवर त्याला गाडीपाशी नेलं. पद्मा मागं त्याच्याजवळ बसली, गाडी मी चालवली. दवाखान्यात तुकारामला आत नेलं आणि आम्ही बाकावर बसलो. अण्णांनी रुमाल परत बांधला नव्हता. येणारी-जाणारी माणसं दचकून लांबून वळत होती. एक लहान मूल रडायला लागलं. अण्णांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते तपासणीच्या खोलीच्या दाराकडं एका डोळ्यानं बघत होते.

डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की नाक साफ आहे, पण फुप्फुसं पार खराब झालीत. आता पुन्हा भुशात बसवायचं नाही, आणि गेलेलं काही परत येणार नाही. तुकाराम शर्टाची बटणं लावत बाहेर आला. अण्णा उठले. फुटक्या आवाजात, एकेक शब्द जोर लावून बोलले. या वेळी पद्माला सांगावं लागलं नाही, मला कळलं.

"तुक्या. टावेल वडला मी तुजा."

"कवा?" तुकाराम म्हणाला.

"पुण्याची माणसं आलती."

"कवाचं काय बोलताय अण्णा? मला न्हाय आठवत." त्यानं शेवटचं बटण लावलं. "चला, उशीर होतोय. काम पडलंय तिकडं."

त्याला खरंच आठवत नव्हतं, की आठवत असून त्यानं मुद्दाम तसं म्हटलं, हे मला आजही सांगता येत नाही. अण्णांना तरी कळलं असेल का? परतताना ते पुढच्या सीटवर होते. त्यांचा राहिलेला डोळा माझ्या बाजूला होता. तो सारखा पुसत होते.

त्यानंतर भुसा ओढणारं यंत्र बसलं. तुकारामला मखमलीच्या कोपऱ्यात बायकांमध्ये बसवलं. त्याला ते आवडलं नव्हतं. त्याचे घट्टे पडलेले हात मखमलीला अडकायचे, धागे निघायचे. माल कमी निघायला लागला. दोन मोठ्या कंपन्या दुसरीकडं गेल्या. जुने तीन-चार कारागीर मास्कमध्ये जीव घुसमटतो म्हणून बाजूच्या शेडमध्ये कामाला लागले; तिथं असलं काही कुणी विचारत नव्हतं. अण्णा त्या शेडच्या दारात जाऊनही उभे राहायचे, रुमाल सोडून. त्या मालकानं एकदा त्यांना हाकललं. दुसऱ्या दिवशी ते परत गेले.

पुढच्या वर्षी गाठ परत आली, या खेपेला आत खोल. डॉक्टरांनी हात टेकले. पद्मानं सांगितलं तेव्हा मी उगाच म्हणालो, "आणखी कुठं दाखवून बघूया की." ती म्हणाली, "तेच नको म्हणतायत." पावसाळा संपता संपता अण्णा गेले. घरीच गेले, पहाटे. कारखाना आता पद्माचा आहे, लहान झालाय, पण चालू आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी काही महिने, फुटबॉलच्या मैदानात. आमच्या पेठेची मॅच होती, म्हणून मी लवकर काम आटोपून गेलो होतो. स्टेडियम गच्च भरलेलं, ढोल चाललेले. चार पायऱ्या खाली अण्णा आणि तुकाराम शेजारी शेजारी बसलेले दिसले. अण्णांना फुटबॉलची आवड आहे हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं. मी हाक मारणार होतो, तेवढ्यात आमच्या पेठेच्या पोरानं बॉल घेऊन मुसंडी मारली आणि अण्णा ताडकन उभे राहिले.

"ओ पावणं, खाली बसा की! दिसंना झालंय!" मागून एक तरणा पोरगा ओरडला.

अण्णा वळले. रुमाल सुटून गळ्यात आला होता. पोराचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शेजारच्या एका पोरानं घाईघाईनं पाण्याची बाटली पुढं केली. अण्णांनी ती घेतली नाही. हातानं मैदानाकडं दाखवलं आणि आपल्या त्या फुटक्या आवाजात म्हणाले, "मॅच बघ. माज्याकडं काय बघतोस?"

आणि खाली बसले. गोल झाला नाही.

मॅच सुटल्यावर गर्दीचा लोंढा पायऱ्यांवरून खाली निघाला. मी वरच होतो, गर्दी कमी व्हायची वाट बघत. मधल्या पायऱ्यांवर तुकारामला दम लागला. तो कठड्याला धरून वाकला, खांदे वरखाली व्हायला लागले. मागून माणसं रेटत होती, "चला की पुढं, का थांबलाय?" म्हणून आरडाओरडा चालला होता. अण्णांनी तुकारामला आपल्या पाठीमागं कठड्याशी घेतलं, आणि वळून त्या सगळ्या गर्दीकडं तोंड करून उभे राहिले. रुमाल न बांधता, उघड्या चेहऱ्यानं. वरून येणारी माणसं त्यांच्यापाशी आली की एकदम बोलायची थांबत, बाजू देत आणि दोन्हीकडून खाली जात. तुकारामला पुन्हा नीट उभं राहता येईपर्यंत अण्णा तिथून हलले नाहीत.